अमेरिकेची काळी वायर

सावळीराम पगारे ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झाला, तेव्हा संघमित्रा कॉलनीने विहारात त्याचा सत्कार केला. अध्यक्ष म्हणाले, "ज्या हातांनी विमानं जोडली, ते हात आता आपल्यासाठी मोकळे झाले." टाळ्या पडल्या. सावळीरामने मान खाली घालून सगळ्यांना जयभीम केला.

आता खरी गोष्ट सांगायची तर तेहतीस वर्षांत त्या हातांनी विमानाचा एक स्क्रूसुद्धा पिळला नव्हता. तो स्टोअरमध्ये क्लार्क होता. कामगार खिडकीशी चिठ्ठी घेऊन यायचे, चिठ्ठीवर जे लिहिलं असेल ते हा मागच्या रॅकमधून काढून द्यायचा. पण स्टोअरचा क्लार्क आणि विमान जोडणारा कारागीर यांतला फरक कॉलनीत कुणाला माहीत असणार? आणि सावळीरामने तो कधी सांगितलाही नाही. खोटं बोलला नाही हं. कुणी "तुम्ही तर विमानवाले" म्हणालं, तर नाही म्हणाला नाही, एवढंच. फुकटची शाल माणसाला सहसा जड होत नाही.

रिटायर झालेल्या माणसाला दिवस खायला उठतो. पुण्याला नोकरीत असलेली त्याची मुलगी दीपमाला दिवाळीला आली होती. तिने बापाला नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या सायबर कॅफेत नेऊन ई-मेल शिकवला. हे दोन हजार पाच साल. लेकीची पत्रं वाचायला म्हणून जाणारा सावळीराम महिन्याभरात भलतंच वाचायला लागला. प्लायवूडच्या खुराड्यात गुडघे आखडून बसायचं, अक्षरं पुसलेल्या कीबोर्डवर एका बोटाने टकटक करायचं, की जगातल्या कुठल्याही मोडक्या वस्तूचा इलाज समोर हजर. इस्त्री तापत नाही, नळ गळतो, मिक्सर घरघरतो, सगळं फोटोसकट. कारखान्यातल्या कारागिरांकडे जे होतं आणि आपल्याकडे कधीच नव्हतं, ते इथे कुणीतरी अनोळखी माणसं उघड्या हाताने वाटत होती. सावळीरामला गहिवरून यायचं. तो सगळं वहीत उतरवून आणायचा आणि संध्याकाळी विहाराच्या कट्ट्यावर बसून ऐकवायचा. कॉलनी त्याला 'नेटवाले भाऊ' म्हणू लागली. हात मात्र त्याने अजून कशालाच लावला नव्हता.

कॉलनीतली खरी दुरुस्ती करायची लंकाबाई. मूळची सिन्नरकडची. तिचा नवरा कोपऱ्यावरच्या गाळ्यात पंखे, कूलर, मिक्सर दुरुस्त करायचा. तो गेला तेव्हा लोकांना वाटलं, ही आता गाळा भाड्याने देईल. हिने महिन्याभरात शटर उघडलं. बारा वर्षं नवऱ्याशेजारी बसून हत्यारं हातात देत होती, ती काय डोळे मिटून? कामं येत गेली, पण लोकांचा न्याय आपला ठरलेला: काम चांगलं झालं तर "नवऱ्याने शिकवलं होतं", बिघडलं तर "बाईमाणूसच शेवटी". लंकाबाईची एक सवय होती. दोन वायरी जोडल्या की त्यावर चिकटपट्टी, आणि चिकटपट्टीवर शिवणाचा पांढरा दोरा घट्ट गुंडाळायचा. उन्हाळ्यात पट्टीचा गोंद सुटतो, दोरा सुटत नाही, असं तिचं म्हणणं. होळीच्या सुमारास तिने सावळीरामच्या कूलरचा पंप बदलला होता, तोही असाच दोरा बांधून.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तो कूलर बंद पडला. लंकाबाई भाचीच्या लग्नाला सिन्नरला गेलेली. सावळीरामची बायको कलाबाई म्हणाली, "चार दिवस पंख्यावर काढू, तिला येऊ द्या." पण सावळीरामच्या हातांना तेहतीस वर्षांची खाज होती. तो सरळ कॅफेत गेला आणि एका अमेरिकन माणसाचं पान शोधून काढलं. त्या भल्या माणसाने कूलर कसा खोलायचा, स्विच जळला असेल तर नवा कसा बसवायचा, हे पायरीपायरीने लिहिलं होतं. काळ्या वायरीतून करंट येतो, ती स्विचवर घ्या. पांढरी परतीची, ती सरळ मोटारीला जाऊ द्या.

गुरुवारी त्याने कूलर खोलला. स्विच खरंच जळलेला निघाला, तेव्हा त्याला आनंदाने ओरडावंसं वाटलं. लगेच बाजारातून नवा स्विच आणला. पण आत काळी वायर होती, लाल होती, पांढरी कुठेच नव्हती. दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. सावळीराम स्टोअरचा माणूस. चिठ्ठीवर काळी लिहिलंय ना, मग काळीच द्यायची. उरली ती लाल, ती पांढरीच्या जागी. वायर पुरेना, म्हणून त्याने लंकाबाईचा एक जोड ब्लेडने कापला, दोरा फेकून दिला आणि नवा जोड मारून वर दोन वेढे चिकटपट्टी लावली. बटण दाबलं. कूलर सुरू झाला!

"अगंबाई, खरंच की," कलाबाई म्हणाली. तेवढ्या तीन शब्दांनी सावळीराम तरंगत चालायला लागला. ही गोष्ट लगेच कुणाला सांगायची नाही, रविवारी विहारात सहज विषय निघाल्यासारखं करून सांगायची, असं त्याने ठरवलं. मनातल्या मनात वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली.

रविवार यायच्या आधी शनिवार आला. दुपारी कलाबाईने कूलरचं बटण बंद केलं आणि पंपात अडकलेला वाळा काढायला ओल्या फरशीवर उभं राहून आत हात घातला. एक किंकाळी आली. सावळीराम धावला तेव्हा ती उंबऱ्यावर आडवी पडली होती, बोटं काळवंडलेली, मनगट वाकडं. त्याने आधी प्लग उपटला. कूलरच्या उघड्या दारातून त्याला आपली चिकटपट्टी दिसली, सालीसारखी सुटून लोंबत होती.

समोरच्या घरातली यशोदाबाई किंकाळी ऐकून आली, तिच्यामागून आणखी चारजणी. कुणी कलाबाईला पाणी पाजलं, कुणी रिक्षा आणायला पळालं. यशोदाबाईने कूलरकडे बघून विचारलं, "भाऊ, हा दुरुस्त कोणी केला होता?"

सावळीराम म्हणाला, "होळीच्या वेळी लंकाबाईंनी."

बस. शब्द एकही खोटा नव्हता. कलाबाईने वेदनेतही मान वळवून नवऱ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. चारचौघींत नवऱ्याचं तोंड काळं करायचं नाही, म्हणून ती गप्प राहिली. ते मिटलेले डोळे सावळीरामला पुढे पंधरा दिवस दिसत राहिले.

मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून घरी आणल्यावर कलाबाईने एकदाच विचारलं, "तुम्ही सांगणार आहात ना?"

"सांगतो गं. लोक जरा शांत होऊ देत."

लोक शांत झाले, पण आपल्या पद्धतीने. लंकाबाई सिन्नरहून परत आली, तेव्हा तिच्या आधी बातमी पोचली होती. कुणी तिच्याशी भांडलं नाही. दुरुस्तीला दिलेल्या वस्तू मात्र लोक एकेक करून परत घेऊन गेले. रविवारी विहारात सगळ्यांबरोबर सावळीरामही पंचशील म्हणायला बसला. पहिलं शील म्हटलं, दुसरं, तिसरं. चौथ्याला, खोटं बोलणार नाही या प्रतिज्ञेला, त्याचा आवाजच फुटेना. शेजारच्याला वाटलं, बायकोच्या दुखण्याने भाऊ हळवे झालेत. त्याने पाठीवर हात ठेवला. सावळीरामला तो हात झटकून टाकावासा वाटला आणि तेवढीही हिंमत झाली नाही. खाई त्याला खवखवे. त्याला तर सगळ्या अंगाला खवखवत होतं, आणि तरी तो आठ दिवस काही बोलला नाही.

नवव्या दिवशी लंकाबाई स्वतः दारात आली.

"जयभीम भाऊ. वहिनी कशा हायेत?"

"बऱ्या आहेत," सावळीराम दार अडवून उभा राहिला.

"मला एकदा कूलर बघू द्या."

"आता कशाला? झालं गेलं. तुमच्यावर आमचा काही राग नाही." हे वाक्य तोंडातून निघालं आणि त्याची त्यालाच शिसारी आली. केवढा उदार!

लंकाबाई जागची हलली नाही. "राग असू द्या, नसू द्या. मला माझी चूक बघायची हाय. लय विचार केला, कुठं चुकले ते सापडत नाय. परवा रंगूबाईची इस्त्री मीच परत दिली. हातात पेचकस धरला की हात कापतोय. वहिनींच्या जिवाचं काही झालं असतं म्हणजे?" ती एक पाऊल पुढे आली. "चूक कळली नाय, तर मी परत कशालाच हात लावायची नाय. कुणाच्या घरात मरण ठेवून यायचं म्हंजे काय खेळ हाय का?"

सावळीरामला वाटलं होतं, बाई भांडायला आली असेल. भांडणाची तयारी त्याने करून ठेवली होती. ही तर स्वतःलाच गुन्हेगार समजून बसली होती. आपण हिची गिऱ्हाइकं घालवली, हे त्याला ठाऊक होतं. हिचा स्वतःच्या हातावरचा विश्वासही घालवला, हे त्याला आत्ता कळलं. धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तरीही तो दारातच उभा होता.

आतून कलाबाईचा आवाज आला. "अहो, दाखवा त्यांना."

कूलर मागच्या ओट्यावर पडला होता. लंकाबाईने खाली बसून आत बघितलं. एक वायर बोटाने उचलली, मग दुसरी.

"दोरा कुठंय?" तिने विचारलं.

सावळीराम उंबऱ्याकडे बघू लागला.

"हा जोड माझा नाय. आन् ही काळी स्विचला कोणी दिली? आपल्याकडं लालमधून करंट येतो भाऊ, काळी परतीची. काळीवर स्विच टाकला, तर बटण बंद केलं तरी मोटारीत करंट राहतोच. वहिनींनी बटण बंद करूनच हात घातला असंल." तिने वर बघितलं. "कोणी हात लावला ह्याला?"

"मी," सावळीराम म्हणाला. "नेटवर काळीच लिहिली होती."

"कुठल्या गावचं नेट?"

"अमेरिकेचं."

"मग कूलरबी तिकडंच लावायचा होता."

ती उठली. हात पदराला पुसले. तिच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, नऊ दिवसांचं ओझं उतरल्याची. आणि त्याच्या पाठोपाठ राग आला. सावळीराम घाईघाईने म्हणाला, "चुकलं माझं. लंकाबाई, मी तुमची माफी मागतो."

"माझ्या कानात सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "माझं नाव चारचौघींत घेतलं ना? मग तुमचंबी तिथंच घ्या."

चार दिवसांनी बुद्धपौर्णिमा होती. विहार भरला होता, पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, मागे खिरीचं पातेलं. वंदना झाली आणि सावळीराम उभा राहिला. लंकाबाई दाराजवळ भिंतीला टेकून बसली होती. कलाबाई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन पुढच्या रांगेत.

"आमच्या घरच्या अपघाताला लंकाबाई जबाबदार नाहीत," तो म्हणाला. "कूलर मी खोलला होता. वायर मी चुकीची जोडली. आणि मी कारखान्यात विमानं जोडत नव्हतो. स्टोअरमध्ये नट-बोल्ट देत होतो. मला यातलं काही येत नाही."

सगळं बोलून झालं. सावळीराम खाली बघत उभा राहिला. आता थू थू होणार. होऊ दे, त्याला ती हवीच होती.

मग अध्यक्ष उठले आणि त्यांनी डोळे पुसले. "बंधू-भगिनींनो, याला म्हणतात करुणा! एका विधवा बाईचं पोट चालावं म्हणून या माणसाने तिची चूक स्वतःच्या अंगावर घेतली. विमानं जोडणारा माणूस म्हणतो, मला कूलर येत नाही! केवढा हा विनय!" टाळ्यांचा कडकडाट झाला. सावळीराम "नाही हो, नाही, खरंच," म्हणत राहिला, आणि तो जितकं नाही म्हणाला तितक्या टाळ्या वाढल्या. आयुष्यभर खोटं सहज खपलं, आणि आज खरं कुणी फुकटही घेईना.

लंकाबाई खीर न घेता उठली. ती चपला घालत असताना तो तिच्यामागे धावला.

"लंकाबाई, मी सांगितलं हो. तुमच्यासमोर सांगितलं."

"ऐकलं मी," ती म्हणाली. "आधी मी नुसती चुकलेली होते. आता तुमच्या दयेवर जगणारी बी झाले."

त्या रात्री सावळीराम जेवला नाही. शब्दांचं काम संपलं होतं, एवढं त्याला कळलं. लोकांना त्याच्या तोंडापेक्षा त्याच्या हातांवर भरवसा होता. मग हातांनीच सांगायला हवं.

संधी सकाळीच चालून आली. यशोदाबाई दारात येऊन म्हणाली, "भाऊ, आमचा मिक्सर बंद पडलाय. इडलीचं पीठ वाटता वाटता गप्पच झाला. आता तुम्हीच बघा. त्या बाईकडे द्यायची छाती होत नाही."

"बघतो," सावळीराम म्हणाला. "पण तुमच्या ओट्यावर बसून बघतो. सगळ्यांना बघू दे."

रविवारची सकाळ. नेटवाले भाऊ मिक्सर खोलणार म्हटल्यावर शेजारच्या सात-आठ बायका आणि दोन-तीन पुरुष जमले. सावळीरामने चटईवर मिक्सर उलटा केला, स्क्रू काढले, झाकण उचकटलं. एक स्प्रिंग उडून मनीप्लांटच्या कुंडीत पडली, ती शोधण्यात पाच मिनिटं गेली. त्याने वायरी हलवल्या, फुंकर मारली, मोटार हाताने फिरवली. मग एक भाग निघाला तो कुठून निघाला तेच कळेना. अर्धा तास झाला, तासही झाला. घाम डोळ्यांत उतरत होता. आपण इथे हरायला बसलोय, हे त्याला पक्कं माहीत होतं. आणि तरी, किती लाजिरवाणी गोष्ट, मनाच्या एका कोपऱ्यात त्याला वाटत होतं की कदाचित जमेलही. जमलं असतं तर त्याने काय केलं असतं, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "भाऊ, राहिलं तर राहू द्या," यशोदाबाई हळूच म्हणाली.

"मला येत नाही," सावळीराम म्हणाला. "थांबा, मी येतोच."

लंकाबाईच्या गाळ्याचं शटर अर्धं खाली होतं. वाकून तो म्हणाला, "यशोदाबाईंचा मिक्सर मी खोलून ठेवलाय. सगळे बघताहेत. मला जोडताही येत नाही. चला."

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. त्याचे हात ग्रीसने काळे झाले होते, एका बोटातून रक्त येत होतं. तिने पेचकस घेतला आणि त्याच्यापुढे निघाली.

ओट्यावर बसून तिने दहा मिनिटांत सगळे भाग जागच्या जागी बसवले. तिचा हात कापत नव्हता. मग मिक्सर उलटा करून तळाचं एक छोटं लाल बटण तिने अंगठ्याने दाबलं. "भांडं लय भरलं की हे बटण उडतं. दाबलं की झालं. खोलायचं कामच नव्हतं."

मिक्सर घुर्र करून सुरू झाला. आधी यशोदाबाई हसली, मग सगळेच. "काय हो भाऊ, एका बटणाचं काम, आणि तुम्ही आख्खा संसार मांडला!" "नशीब, विमानात नव्हतात!" पुरुषसुद्धा पोट धरून हसले. सावळीरामही हसला. हेच तर हवं होतं त्याला. पण डोळ्यांत पाणी आलं ते काही हसण्याने नाही.

हसता हसता यशोदाबाई थांबली. तिने मिक्सरकडे बघितलं, त्याच्या काळ्या हातांकडे बघितलं.

"म्हणजे भाऊ, काल विहारात बोललात ते खरं होतं?"

"हो."

"कूलर तुम्हीच जोडला होता?"

"हो."

"आणि कलावहिनी पडल्या होत्या, मी विचारलं कोणी दुरुस्त केला, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

सगळ्यांचं हसणं थांबलं होतं. समोर आपल्या दारात कलाबाई प्लास्टरचा हात धरून उभी होती. तिने या वेळी डोळे मिटले नाहीत.

"माहीत होतं," सावळीराम म्हणाला.

लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवला की हलकं वाटेल, अशी त्याची दोन आठवड्यांची समजूत होती. आता सगळ्यांचा विश्वास बसला होता. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तो दिसत होता, आणि त्यातल्या एकाही चेहऱ्याकडे त्याला बघवेना.

"आणि मी या बाईला पंधरा दिवस साधं ये-बस म्हटलं नाही," यशोदाबाई म्हणाली. ती आत गेली, खुर्ची घेऊन आली आणि लंकाबाईसमोर ठेवली. "वर बसा लंकाबाई. चटईवर नका बसू. चहा टाकते." मग थोडं घुटमळून म्हणाली, "आमची इस्त्रीही तापत नाही हो. बघाल का?"

लंकाबाई खुर्चीत बसली. "आणा," ती म्हणाली.

चहा आला. पहिला कप लंकाबाईला, मग बाकीच्यांना. सावळीरामच्या पुढ्यातही एक कप आला, पण "घ्या भाऊ" असं कुणी म्हणालं नाही. चटईवर बसल्या बसल्या त्याने तो उचलला. प्यायचं मात्र त्याला धाडस झालं नाही.